घोड्याची व्याख्या

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा समितीचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही सुचवला होता : 'शाळेने मला काय दिले'. या विषयावर लिहायला बसलं की संस्कार, शिस्त आणि वटवृक्ष हे तिघे न बोलावता येऊन बसतात. म्हणून मी फक्त एका ऑफ तासाबद्दल लिहिते आणि त्या तासाने पुढे मला जिथे जिथे नेलं त्याबद्दल.

आमची दहावी १९८७ची. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. वडील वाई डेपोला कंडक्टर, त्यामुळे घरी इंग्रजी म्हणजे एसटीच्या वेळापत्रकावर असेल तेवढंच. नववीत एकदा गणिताचे सर रजेवर होते. मैदानावर सोडतील या आशेने आम्ही खिडक्यांकडे डोळे लावून बसलो होतो, तेवढ्यात इंग्रजीच्या बाई आल्या. हातात ना पुस्तक, ना हजेरीपट. खुर्चीवर बसल्या आणि मराठीत एक गोष्ट सांगू लागल्या.

इंग्लंडमध्ये कोकटाउन नावाचं धुराने काळवंडलेलं गिरणगाव. तिथल्या शाळेत ग्रॅडग्राइंड नावाचे गृहस्थ येतात. त्यांना फक्त वस्तुस्थिती हवी, माहिती हवी, बाकी काही नको. ते एका मुलीला उभं करतात. नाव विचारण्याआधी तिचा नंबर पुकारतात : वीस. ती सर्कशीतल्या घोडेवाल्याची मुलगी, सिसी जूप. तिला विचारतात, घोड्याची व्याख्या सांग. घोड्यांच्या पायांत वाढलेली ती पोर गप्प उभी राहते. मग बिट्झर नावाचा फिकुटलेला मुलगा उठतो आणि घडाघडा सांगतो : चतुष्पाद, तृणभक्षी, दात चाळीस, त्यांत दाढा चोवीस, सुळे चार, पुढचे दात बारा. ग्रॅडग्राइंड म्हणतात, वीस नंबर, आता कळलं तुला घोडा म्हणजे काय ते.

आम्ही हसलो. मग बाईंनी बावधनहून सायकलवर येणाऱ्या एका मुलाला उठवलं. तो वर्गात कधी तोंड उघडत नसे. "बैलाची व्याख्या सांग," त्या म्हणाल्या. तो अर्थातच गप्प. "बरं, व्याख्या राहू दे. बगाडाच्या दिवशी बैल कसे जुंपतात ते सांग." बावधनचं बगाड, म्हणजे नवस फेडणाऱ्याला उंच खांबावर बांधून नेणारा लाकडी गाडा, रंगपंचमीला निघतं, कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून गावापर्यंत ते बैलांनी ओढत आणायचं असतं. तो पोरगा जो बोलायला लागला तो तास संपेपर्यंत. खिलाराचा कान कसा असतो, कुठला बैल उजवा चालतो आणि कुठला डावा, नांगरलेल्या रानात चाक रुतलं की काय करायचं. बाई मध्ये मध्ये प्रश्न विचारत होत्या, आणि त्यांना खरोखरच माहीत नव्हतं म्हणून विचारत होत्या. शिक्षकाला एखादी गोष्ट माहीत नसते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तो मुलगा दहावीला इंग्रजीत काठावर पास झाला हेही सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की त्या तासाने चमत्कार झाला.

ही गोष्ट डिकन्सच्या 'हार्ड टाइम्स'ची सुरुवात आहे हे मला पुण्याला एम.ए.ला आल्यावर कळलं. पुस्तक मिळवून वाचलं, आणि बाईंनी न सांगितलेला शेवट सापडला. ग्रॅडग्राइंडचा स्वतःचा मुलगा बँकेतले पैसे चोरून पळतो आणि त्याला पकडतो तो हाच बिट्झर. बाप हात जोडतो, तुला काळीज नाही का म्हणतो. बिट्झर शांतपणे उत्तर देतो की शाळेची फी भरली होती, व्यवहार तिथेच मिटला. शेवटी मुलाला निसटायला मदत करतात ती सर्कशीची माणसं. त्यांचा शिकवलेला घोडा नाचायला लागतो आणि बिट्झर बसलेली गाडी पुढे जाऊच देत नाही. घोड्याचे दात मोजणाऱ्याला घोडा असा भेटतो! डिकन्सवर भाबडेपणाचा, रडवेपणाचा आरोप करणाऱ्यांनी ही जुळणी बघावी.

ही कादंबरी १८५४च्या एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने येत होती. त्याच दरम्यान, १९ जुलै १८५४ रोजी, लंडनहून चार्ल्स वूडचा, म्हणजे हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षाचा, शिक्षणविषयक खलिता हिंदुस्थानकडे निघाला. शिक्षण खातं, तपासनीस, खासगी शाळांना सरकारी अनुदान, मुंबई-कलकत्ता-मद्रासला विद्यापीठं, हे सगळं त्यातून आलं. आपल्या शाळेच्या पाटीवर 'अनुदानित' असं जे लिहिलेलं असतं त्याचं मूळ तिथे आहे. म्हणजे एकाच उन्हाळ्यात एकाच शहरातून आपल्या शाळेचा आराखडाही निघाला आणि तसल्या शाळेची टवाळीही छापून झाली.

इंग्लंडमध्ये तर पुढे आठ वर्षांत ग्रॅडग्राइंडचं स्वप्न नियमांत उतरलं. १८६२च्या सुधारित संहितेनुसार शाळेचं अनुदान निकालावर ठरू लागलं. तपासनीस येणार, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणितात परीक्षा घेणार. ज्या विषयात मूल नापास, त्याचे दोन शिलिंग आठ पेन्स कापणार. साहजिकच शिक्षकांनी क्रमिक पुस्तक मुलांकडून पाठच करून घेतलं. मॅथ्यू अर्नोल्ड हा कवी पस्तीस वर्षं शाळा तपासनीस होता. ज्या पद्धतीने त्याला तपासणी करावी लागे, तिच्यावरच तो आपल्या अहवालांतून टीका करत राहिला. मला हा माणूस फार आवडतो. खात्यात राहून खात्याला खरं सांगणं राजीनाम्यापेक्षा अवघड असतं, हे सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही पटेल. आमच्याकडेही इन्स्पेक्शनच्या दिवशी आधी तीनदा शिकवलेला धडा नव्याने शिकवला जायचा आणि आम्ही तो नव्याने समजल्यासारखे चेहरे करायचो. ते कुठल्या शाळेत होत नव्हतं?

व्हिक्टोरिया राणीचं राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सगळीकडे शाळा आणि आगगाड्या येतात. प्रत्यक्षात १८३३च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली, आणि तेवढ्यावरही गिरणीमालक ओरडले. खाणीत मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे उतरवू नयेत हे ठरायला १८४२ उजाडलं. शार्लट ब्राँटेने 'जेन एअर'मध्ये जी उपासमारीची शाळा रंगवली ती तिने भोगलेली होती. कोवन ब्रिजच्या त्या शाळेत आजारी पडून तिच्या दोन थोरल्या बहिणी १८२५ साली वारल्या.

म्हणून मला पुढच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून बघायला आवडतं. लंडनला हार्ली स्ट्रीटवर मुलींसाठी क्वीन्स कॉलेज निघालं १८४८ साली. त्याच साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंची मुलींची शाळा निघाली. तिकडे कॉलेज आणि इकडे अक्षरओळख, फरक आहेच. पण तिकडच्या शिक्षिकांवर रस्त्यात कुणी शेण फेकत नव्हतं, हाही फरक आहे. पुढचं तर याहून विलक्षण. इंग्लंडने शाळेत येण्याची सक्ती देशभर लागू केली १८८० साली, पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी. दोन वर्षांनी, १८८२ साली, फुल्यांनी हिंदुस्थानातल्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं आणि प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा असं मागितलं. इंग्लंडमध्ये ही मर्यादा अकरावर आली १८९३ला आणि बारावर आली १८९९ला. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या मुलांना जे दिलं नव्हतं ते पुण्यातल्या एका माणसाने कुणब्यामाळ्यांच्या मुलांसाठी सतरा वर्षं आधी मागितलं होतं! एम.ए.च्या वर्गात आम्हाला व्हिक्टोरियन इंग्लंड आणि एकोणिसाव्या शतकातला महाराष्ट्र हे दोन वेगवेगळ्या पेपरांत शिकवत. ते एकत्र वाचायचे असतात हे कुणी बोललं नाही.

आता माझ्या ठेव्याबद्दल. सिसी जूपजवळ एक बाटली असते. बापाच्या दुखऱ्या अंगाला लावायला ती तेल आणायला जाते आणि तेवढ्यात बाप तिला सोडून निघून जातो. तो परत येईल आणि त्याला लागेल म्हणून ती बाटली ती वर्षानुवर्षं जपते. ग्रॅडग्राइंडच्या घरात निरुपयोगी ठरणारी ती एकमेव वस्तू असावी. माझ्याकडे दोन आहेत. एक, बाईंनी दहावीनंतर स्वतःच्या पैशांनी अप्पा बळवंत चौकातून आणून दिलेला जुना 'डेव्हिड कॉपरफील्ड', बारीक टाइपाचा, पहिली पानं सुटलेला. त्या वयात तो मला मुळीच झेपला नाही. सुट्टीभर शब्दकोश घेऊन बसले आणि चाळीसेक पानांवर थांबले. पुढे एका दमात वाचला.

डिकन्स बारा वर्षांचा झाला आणि त्याच महिन्यात, १८२४ साली, त्याचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले. मुलगा बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवायला आधीच लागला होता, आठवड्याला सहा शिलिंगांवर. त्या दिवसांत घरातली पुस्तकं विकायला याच पोराच्या हाती द्यायचे. 'कॉपरफील्ड' १८४९-५० मध्ये मासिक हप्त्यांनी निघाला तेव्हा हप्त्याला एक शिलिंग पडे, पूर्ण कादंबरी वीस शिलिंगांना. त्याच्या लहानपणीच्या मजुरीने ती घ्यायची तर तीन आठवड्यांहून जास्त राबावं लागलं असतं.

दुसरी वस्तू आजीचा राणीछाप रुपया, १८९०चा, 'एम्प्रेस' छापलेला. वजन बरोबर एक तोळा. योगायोग असा की ह. ना. आपट्यांचं 'करमणूक' साप्ताहिक त्याच साली सुरू झालं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' ही त्यांची कादंबरी क्रमशः यायला लागली, थेट डिकन्सच्या रिवाजाने. आजीला ना आपटे ठाऊक ना डिकन्स. ती सही अंगठ्याने करायची. तिच्याकडे असले सतरा-अठरा रुपये पिशवीत होते. वडिलांच्या शिक्षणाला काही गेले, आत्याच्या लग्नात काही, माझ्या पुण्याच्या पहिल्या वर्षाला उरलेले. हा एक तिने मागे ठेवला आणि मला देताना म्हणाली, "हा मोडू नको गं, बाई आहे त्याच्यावर."

शेवटी एक तक्रार, तीही डिकन्सविरुद्ध. त्या वर्गातला मास्तर मॅक्चोकमचाइल्ड हा नव्या ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेला. डिकन्स म्हणतो, असे एकशेचाळीस मास्तर एकाच कारखान्यात पियानोच्या पायांसारखे कातून काढले होते. वाक्य झकास आहे, पण अन्यायाचं आहे. १८४६ नंतर सुरू झालेल्या उमेदवार शिक्षकांच्या योजनेत तेराव्या वर्षी गरिबांची मुलं-मुली यायची, पाच वर्षं शाळेतच शिकत शिकवायची आणि त्यांतली निवडक पुढे कॉलेजात जायची. गिरण्यांच्या गावांत मुलांना वाचायला कुणी शिकवलं असेल तर याच लोकांनी. आपल्या शाळेतले गुरुजी-बाईही असेच. डी.एड., बी.एड. करून आलेले, टाचण काढणारे, साठ जणांच्या वर्गात घसा बसेपर्यंत बोलणारे. रोज बगाडाच्या गोष्टी सांगत बसले असते तर माझ्यासारखीला पहिली विभक्तीही आली नसती.

बाई आता साताऱ्याला लेकीकडे असतात. मागच्या महिन्यात फोनवर मी हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझं चुकतंय. मी स्वतः बी.एड. केलंय, मला माहिताय ते कारखानेच होते." मी म्हटलं, "मग तुम्ही बाहेर कशा पडलात?" त्यावर त्यांनी विषय बदलला आणि त्या मुलाची चौकशी केली, बावधनचा, बैलवाला. त्याचा पत्ता मला माहीत नाही. स्मरणिका त्याच्यापर्यंत पोचली तर त्याने बाईंना फोन करावा. नंबर शाळेच्या कार्यालयात आहे.