सोपाऱ्याहून कान्हेरीला: चौदा वर्षांनंतरचं एम.ए.

लग्न होऊन नालासोपाऱ्यात राहायला आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. पहिली नऊ वर्षं सोपारा हे माझ्यासाठी फक्त एक स्टेशन होतं. सकाळी गाडीत पाय ठेवायला मिळाला की दिवस सुरू, रात्री उतरायला मिळालं की संपला.

ऑफिस फोर्टमध्ये, अकाउंट्स विभाग. एकदा ऑडिट लवकर आटोपलं म्हणून दुपारी काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरले. तिथे एका दगडाच्या तुकड्यापाशी लिहिलं होतं: अशोकाचा आठवा शिलालेख, सोपारा. मी ते दोनदा वाचलं. पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये सापडलेला हा तुकडा. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना निघत, मी मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली, असं अशोक त्या लेखात सांगतो. तुकड्यावर त्यातले थोडेच शब्द उरलेत. पण ते माझ्या गावाला उद्देशून कोरलेले होते आणि मला त्यातलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. ती टोचणी घेऊनच घरी आले.

प्राचीन भारतीय संस्कृती आणि इतिहासात एम.ए. करायचं ठरवलं तेव्हा बी.कॉम.ला चौदा वर्षं झाली होती. माझ्या कॉलेजात कुठल्याही शाखेचा पदवीधर चालत होता. सगळीकडे तसं असेलच असं नाही, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी ते विचारून घ्या. मला अडवलं ते नावाने. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला जोडला, तर खिडकीवरून सांगितलं, गॅझेट आणा. गॅझेट नेलं, तर मधल्या वर्षांचं गॅप अ‍ॅफिडेव्हिट हवं. यातलं काहीही पहिल्या दिवशी एकदम सांगता आलं असतं. प्रत्येक फेरी म्हणजे माझी अर्धी रजा होती, आणि त्याचा राग मला अजून आहे. शिक्षण सोडून दिलेल्या बायका परत फिरतात त्या बहुतेक अशाच खिडकीवरून. तुम्ही लग्नानंतर शिकायला निघाला असाल तर नावाची कागदपत्रं आधी गोळा करा, विषय मग निवडा.

प्रवेश शेवटच्या दिवशी झाला. वर्ग संध्याकाळी असायचे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, रात्रीच्या पोळ्यांचं मी बघते, तू फक्त शेवटच्या गाडीवर येऊ नकोस." त्यांच्या त्या एका वाक्यावर माझी दोन वर्षं निघाली.

पहिल्या सेमिस्टरला मी घाबरून गेले. वर्गातली मुलं बी.ए.ला इतिहास करून आलेली, सातवाहन आणि क्षत्रप या राजघराण्यांतली नावं त्यांच्या तोंडी. संदर्भग्रंथ बहुतेक इंग्रजी. वा. वि. मिराशींचं सातवाहन आणि पश्चिम क्षत्रपांवरचं मराठी पुस्तक हाती लागलं आणि जमीन सापडल्यासारखं झालं: इतिहास मराठीत, मूळ लेख पुढ्यात, त्यांचा अर्थही मराठीत. ते मी वहीत उतरवून काढलं. परीक्षांबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही. लिहीत गेले, पास होत गेले.

खरं शिक्षण ब्राह्मीने, म्हणजे त्या लेखांच्या लिपीने दिलं. क म्हणजे अधिकचं चिन्ह. ठ म्हणजे गोल, त्याच गोलात टिंब दिलं की थ. र ही उभी रेघ. ग अशोकाच्या काळात छपरासारखा टोकदार, सातवाहनांच्या काळात तो वरून गोलावतो. अशा फरकांवरून लेखाचा काळ ठरवतात, हे कळलं त्या दिवशी गाडीत उभ्याउभ्या मी खिडकीच्या वाफेवर ग काढत होते. मुळाक्षरं तीन आठवड्यांत येतात. पुढे भाषा आडवी येते. लेख प्राकृतात, आणि कोरणारा जोडाक्षरं बहुधा सोडून देतो. 'धम्म' दगडावर 'धम' होतो. 'पुत्तस्स' असतं ते 'पुतस' दिसतं, म्हणजे 'पुत्राचं'. शब्द कुठे तुटतो तेही आपणच ठरवायचं. म्हणून शनिवारी पालीचा वर्ग लावला. कुणाला हा विषय घ्यायचा असेल तर माझं सांगणं एवढंच, की पाली, प्राकृत किंवा संस्कृत यातली एक भाषा पहिल्या वर्षीच धरा. भाषेशिवाय आपण दुसऱ्याच्या भाषांतरावर जगतो.

चौथ्या सेमिस्टरच्या प्रबंधासाठी मी कान्हेरीच्या पोढ्या निवडल्या. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. आज आपण हा शब्द लेण्यांबद्दल बोलतानाच वापरतो, पण तो थेट त्या शिलालेखांतला आहे, 'पोढि'. कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी, आणि बहुतेकांच्या दाराशी पोढी. वरच्या खडकावरून पावसाचं पाणी उतरवणारे चर अजून दिसतात. सोमवारी लेणी बंद, म्हणून मी रविवारी पहिल्या गाडीने बोरिवली गाठायचे. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या गेटपासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर, पार्कची बस मिळाली तर बरं. लेख वाचायचा तो सकाळच्या तिरप्या उन्हात. माथ्यावर ऊन आलं की कोरीव रेघांची सावली जाते आणि अक्षरं दगडात बुडतात. ठसे घ्यायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहून वहीत उतरवायचं आणि घरी येऊन कान्हेरीच्या लेखांच्या अभ्यासक शोभना गोखल्यांच्या वाचनाशी ताडून पाहायचं. माझ्या पहिल्या प्रतीत अकरा चुका निघाल्या.

तिथेच तो लेख भेटला. सोपाऱ्याच्या एका नेगमाने पोढी दान दिली आहे. नेगम म्हणजे व्यापारी. 'देयधम', म्हणजे धर्मासाठी दिलेलं दान, हा शब्द मी बोटाने हवेत गिरवला आणि बराच वेळ तिथे बसून राहिले. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, सोपाऱ्याचं नाव बंदर म्हणून येतं. तिथे कमावलेल्या पैशातून कुणीतरी या डोंगरातल्या भिक्षूंची उन्हाळ्याची तहान भागवली. आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतो. पाणी देणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "त्याने लेणं का नाही दिलं, पोढीच का?" मी म्हटलं, लेण्याला मोठं धन लागतं, अनेकदा पुढच्या खर्चासाठी अखयनिवि, म्हणजे कायम ठेवही लावावी लागते. पोढी मध्यम ऐपतीच्या माणसालाही देता येते, आणि तिच्यावर नाव कोरलं की ते लेणं देणाऱ्याच्या नावाशेजारीच राहतं. परीक्षक मॅडमनी मान हलवली. उत्तर पूर्ण आहे असं मी आजही म्हणणार नाही. कुठल्या लेण्याला किती पोढ्या, कुणाच्या, हे नीट मोजायचं अजून बाकी आहे.

निकाल लागल्यावर सासूबाईंना घेऊन सोपाऱ्यातल्या बुरूड राजाच्या कोटावर गेले. गावात हे नाव सगळ्यांना ठाऊक, पण तो स्तूप आहे हे सासूबाईंना माहीत नव्हतं. १८८२ मध्येच भगवानलालांनी तो खणला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, भोवती आठ छोट्या बुद्धमूर्ती, आणि करंडकात एकात एक डब्या, सगळ्यांत आतली सोन्याची. यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणंही निघालं. आता ते सगळं टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे आहे. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चप्पल काढून बाजूला ठेवली आणि प्रदक्षिणा घालायला लागल्या. मीही त्यांच्या मागून निघाले.