स्फटिक ताणता म्हणजे नेमकं काय करता?

‘स्फटिक ताणता म्हणजे काय, चिमट्यात धरून ओढता की काय?’ माझं काम सांगितलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

बहुतेक वेळा ओढत नाही. परक्या मापावर वाढवतो. मर्क्युरी टेल्युराइड घ्या. त्याचा पातळ थर कॅडमियम टेल्युराइडवर अणू-अणूने चढवायचा. दोघांची रचना सारखीच, पण खालच्या स्फटिकात अणूंमधलं अंतर सुमारे ०.३ टक्क्यांनी जास्त. ठिपक्यांच्या कागदावरून काढलेली रांगोळी कागदाच्याच मापाची होते, तसा वरचा थर मुकाट खालचं माप घेतो. आडवा ताणला गेला की उभ्यात किंचित चेपतो, आणि त्याची घनाकृती सममिती मोडते.

पारा जड. त्याच्या इलेक्ट्रॉनांना सापेक्षतावादाचा हिशेब लागू पडतो, म्हणून या स्फटिकात ऊर्जापट्ट्यांचा (इलेक्ट्रॉनांना मुभा असलेल्या ऊर्जांच्या पट्ट्यांचा) क्रम मुळातच उलटा असतो. म्हणजे टोपॉलॉजिकल गुण, पृष्ठभागावर वीज वाहून नेणारे खास इलेक्ट्रॉन बाळगण्याचा, अंगात आधीपासूनच असतो. पण सममितीमुळे दोन पट्टे एका बिंदूत चिकटलेले राहतात, स्फटिकाच्या आतूनही वीज वाहते, आणि पृष्ठभागावरचे खास इलेक्ट्रॉन त्या गर्दीत ओळखू येत नाहीत. ताणाने पट्टे सुटे होतात, मधे फट पडते, आणि स्फटिक टोपॉलॉजिकल इन्सुलेटर ठरतो: आतून वीज अडवणारा, पृष्ठभागावरून वाहू देणारा. म्हणून ‘ताणाने टोपॉलॉजिकल इन्सुलेटर बनवला’ हा मथळा मला खटकतो. इथे तरी श्रेय पाऱ्याचं.

लियांग फू आणि चार्ल्स केन यांनी २००७ मध्ये हे कागदावर मांडलं. २०११ मध्ये जर्मनीत व्युर्त्सबुर्गच्या लॉरेन्स मोलेनकाम्प यांच्या गटाने ७० नॅनोमीटर जाडीच्या थरात क्वांटम हॉल परिणाम (चुंबकीय क्षेत्रात आडवा रोध ठरावीक पायऱ्यांनी बदलणं) मोजला, तोही पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांचा. पट्ट्यांमधली फट मात्र जेमतेम २२ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं सूक्ष्म एकक). खोलीतल्या उष्णतेची ऊर्जाच त्याच एककात २५ च्या आसपास असते, म्हणून सगळा खेळ कडाक्याच्या थंडीत. (यातून मोबाइल कधी बनणार, याचंही उत्तर त्यात आलं.) थर फार जाड केला तर तो ताण सोसत नाही, आत दोष पाडून सैल होतो. आणि ताणण्याऐवजी आडवा दाबला, तर फट पडतच नाही. हाती येतो तो वाइल सेमीमेटल, म्हणजे ज्यात पट्टे मोजक्या बिंदूंत एकमेकांना टेकलेलेच राहतात असा पदार्थ.

चिमट्याची कल्पना तशी अगदीच वेडी नाही. झिर्कोनियम पेंटाटेल्युराइडचे स्फटिक लांबट, पट्टीसारखे. २०१९ मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने ते पीझो उपकरणावर (व्होल्टेज दिलं की लांबी बदलणाऱ्या) चिकटवून खरोखर ताणले, दाबले आणि रोध मोजत गेले. एका ठरावीक ताणाला फट मिटते आणि पुढे पुन्हा उघडते. मिटण्याच्या एका बाजूला स्फटिकाच्या सगळ्या पृष्ठभागांवरून वीज वाहते, दुसऱ्या बाजूला फक्त काहींवरून. इथे अवस्था ताणानेच बदलते, आणि व्होल्टेज फिरवून परतही आणता येते.

‘मग तुटत नाहीत का?’ हा पुढचा प्रश्न. तुटतात की.