समुद्राला इस्त्री केलीस की काय?

ह्या जुलैत गिरगावात आले तेव्हा बॅगेत चॉकलेटं कमी होती आणि एक जुना क्विल्ट (तिकडची गोधडीच म्हणा) होता, 2012 साली ह्यूस्टनला क्लास लावला होता तेव्हा केलेला. आर्ट क्विल्ट, म्हणजे पांघरायचा नाही, भिंतीवर लावायचा (हे आईला अजून पटलेलं नाही). विषय मरीन ड्राईव्ह. तेव्हा इकडची आठवण भयंकर यायची ना, म्हणून बाटिकच्या निळ्या पट्ट्यांचा समुद्र, राखाडी त्रिकोणांचे टेट्रापॉड (लाटा अडवायला टाकलेले काँक्रीटचे ठोकळे), सगळं इस्त्रीने चिकटणारी जाळी लावून बसवलेलं आणि वर मशीनची शिलाई. क्लासमध्ये कौतुक झालं, पण इतकी वर्षं हॉलमध्ये बघून बघून मला तो बँकेच्या कॅलेंडरसारखा दिसायला लागला होता, म्हटलं हाताने थोडं भरतकाम करून बघू, जमलं तर जमलं.

आईने पलंगावर पसरला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "समुद्राला इस्त्री केलीस की काय? आणि एवढा निळा कुठे असतो गं?" मी जरा चिडलेच. पण संध्याकाळी भरतीला चौपाटीवर जाऊन आले तर खरंच की, आल्याच्या चहाचा रंग! हे मी ह्यूस्टनला बसून साफ विसरले होते.

मग भुलेश्वरला दोरे आणायला गेले. तिथल्या दुकानदाराला "चिखलाचा रंग द्या" म्हटल्यावर त्याने न हसता चार लड्या काढून ठेवल्या, एकाहून एक मळकट. लडीत सहा पदर असतात, मी लांबच्या पाण्याला एकच पदर घेतला, मध्ये दोन, आणि कठड्याजवळ चार, नुसता धावदोरा, पण जवळची लाट आपोआप जाड दिसायला लागली, लांबचं पाणी धूसर.

सोपं मात्र नव्हतं. बाटिकचं कापड मुळातच घट्ट विणीचं, त्यात त्या जाळीचा गोंद, सुई आत जायची पण बाहेर यायची नाही. दोन सुया मोडल्या. शेवटी शेजारच्या काकूंनी नातवाच्या वाढदिवसाचा फुटका फुगा आणून दिला, त्याने सुई धरून ओढायची, मस्त पकड येते, करून बघा.

खरी भांडणं टाक्यांवरून. मला शिकवलंय की सुई मधल्या बॅटिंगमधूनच (दोन कापडांमधल्या मऊ थरातून) सरकवायची, मागे काही दिसता कामा नये, गाठसुद्धा हलकेच ओढून आत लपवायची. आई गाठच मारत नाही, दोन उलटे टाके घालते की झालं, आणि सुई आरपार, गोधडीसारखी. "मागे दिसतंय" म्हटलं तर म्हणे "मग दिसू दे, माझं जुनं लुगडं लाव पाठीला." लावलं. मऊ सुती, शंभरदा धुतलेलं.

तिला एक रेशमी तुकडाही लावायचा होता, तेव्हा मी अमेरिकेतल्या जुन्या क्रेझी क्विल्टांची गोष्ट सांगितली. 1880 च्या सुमारास तिकडे त्यांचं फॅड होतं, रेशीम-मखमलीचे वेडेवाकडे तुकडे जोडायचे आणि प्रत्येक जोडावर नक्षीचे टाके. पण रेशीम धुऊन त्याचा डिंक काढला की वजन घटतं, ते भरून काढायला तेव्हा त्यात धातूचे क्षार मुरवायचे, त्यामुळे आज म्युझियममध्ये बघावं तर रेशमाच्या चिंध्या झाल्यात, टाके जागेवर आहेत पण खाली कापडच नाही. आई म्हणाली, "वजनावर विकणारे सगळीकडे सारखेच." रेशीम तरी राहून गेलं, सुटले.

फेसासाठी मी फ्रेंच नॉट घेतले, आई त्याला गाठीचा टाका म्हणते. पांढऱ्या दोऱ्याचे, रात्री अकरापर्यंत बसून, उत्साहात. सकाळी तिने बघितलं आणि म्हणाली, "साबुदाणा सांडल्यासारखं दिसतंय." अर्धे उसवले.

परत निघायच्या दिवसापर्यंत पूर्ण झालाच नाही, मग तिच्याकडेच ठेवून आले. परवा व्हिडिओ कॉलवर दाखवला. टेट्रापॉडच्या कडेला तिने मच्छी टाका घातलाय, चांगला दिसतोय, आणि कठड्यावर दोन छत्र्या काढल्यात, मला न विचारता. एक काळी, एक लाल. लाल माझी आहे म्हणे, शाळेतली.