चौथ्या माणसाची पाळी

दुपारी एक सिनेमा पाहिला. नाव सांगत नाही, ज्यांना आवडला त्यांच्याशी वाद घालायची हौस नाही. स्वतंत्र निर्मिती, तुटपुंजं बजेट, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला. मध्यावर जिन्यातली मारामारी आहे, एकही कट नसलेली. नायक एकटा, समोर चौघं. माझी नजर गेली ती नेमकी चौथ्यावर. हातात लोखंडी कांब, पाठ भिंतीला. एक पाऊल पुढे, एक मागे, पुन्हा एक पुढे. गडी पाळीची वाट बघतोय. तो एकदा दिसला की नायक काय करतोय याकडे लक्ष लागत नाही.

सलग शॉटची गोची हीच. कापाकापीच्या मारामारीत चौथ्याला चौकटीबाहेर ठेवता येतं. इथे त्याला काम द्यावं लागतं. त्याला पडलेल्यावर अडखळू दे, तिसऱ्याला त्याच्या अंगावर ढकल, नाहीतर जागाच इतकी अरुंद ठेव की एका वेळी एकच पुढे येईल. जिना तर होता की! पण कॅमेऱ्याला फिरायला ऐसपैस जागा हवी म्हणून सगळे मधल्या सपाट जागेवर उतरले. २०११ च्या 'द रेड' या इंडोनेशियन मारधाडपटात अरुंद बोळच हाणामारीचं अर्धं काम करतात.

ठोशाचं गणित सोपं आहे आणि म्हणूनच चुकतं. मूठ हनुवटीपासून वीतभर लांबून जाते. मुठीच्या आणि चेहऱ्याच्या रेषेत, एकाच्या खांद्यामागे कॅमेरा असला की मधली फट दिसत नाही. लांब पल्ल्याची लेन्स लावली तर अंतर आणखी चेपलं जातं. कॅमेरा पाऊलभर बाजूला सरकला की मूठ आणि हनुवटीच्या मधून मागची भिंत दिसते. फिरत्या कॅमेऱ्याने सलग घ्यायचं तर तीस ठोशांना तीस वेळा ही रेषा नव्याने गाठायची. इथे आठव्या ठोशाला कॅमेरा मागे पडला, फट दिसली, आणि तिथून पुढे कॅमेरा हलायला लागला. वास्तववाद म्हणे!

शटरचंही तेच. शटर म्हणजे प्रत्येक चौकटीवर, म्हणजे फ्रेमवर, प्रकाश किती वेळ पडू द्यायचा ते ठरवणारी फिरती तबकडी; तिची फट अंशांत मोजतात. सेकंदाला २४ चौकटी आणि १८० अंशांचं शटर म्हणजे प्रत्येक चौकट १/४८ सेकंद उघडी. हात जरा फराटतो आणि त्या फराट्यात फट लपते. ४५ अंशांवर आणलं की चौकट १/१९२ सेकंदाची. उडणारे दगडमातीचे कण काय सुरेख दिसतात! पण हुकलेला ठोसाही तितकाच सुरेख दिसतो. मग वेग वाढवायला २२ चौकटींनी चित्रण करून २४ नी दाखवायचं. हात जलद होतात खरे, पण शर्टाचं टोकही लगबगीने खाली येतं.

हाँगकाँगच्या मारधाडपटवाल्यांची युक्ती मला फार आवडते. ठोसा बसला तिथे कट, आणि पुढचा शॉट दोनचार चौकटी आधीपासून सुरू. म्हणजे तो फटका किंचित दोनदा बसतो. डोळ्याला कळत नाही, पोटात कळतं.

कमी पैशांची सबब मला पटत नाही. 'एल मारियाची' (१९९२) सुमारे सात हजार डॉलरमध्ये चित्रित झाला. आवाज जागेवरच पण वेगळा टेप केलेला, ओठांशी जुळेनासा झाला की दिग्दर्शक दुसऱ्या शॉटवर पळतो. अडचणीतून गती आली. या सिनेमात अडचणीतून फक्त कौतुक आलंय. निर्मात्याची काटकसर बघून प्रेक्षकाने टाळ्या का वाजवायच्या? कमी पडले ते तालमीचे दिवस, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द लिहीत नाही.

आवाज मात्र झकास. हाड मोडल्याचा आवाज बहुधा सेलरी या कुरकुरीत भाजीचा दांडा मोडून काढतात, इथेही तसाच कुरकुरीत. पण मान दोन चौकटी आधीच वळली असेल तर त्या आवाजाने काय होणार? २४ पैकी दोन, म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. काय चुकलं ते सांगता येत नाही, खोटं आहे एवढं कळतं.

लहान मुलं हे न शिकता करतात. एक जण हवेत हात फिरवून तोंडाने 'ढिशूम' म्हणतो आणि दुसरा, अंगाला बोटही न लागता, कोलमडतो. ठोसा मारणाऱ्याचा नसतोच, पडणाऱ्याचा असतो. मारामारी शिकवणारेही शिकाऊ माणसाला आधी पडायला शिकवतात.

तो जिना मागे नेऊन पुन्हा पाहिला. चौथ्याची पाळी शेवटी येते. कांब उगारतो, नायक वळतो, आणि हा गडी फटका बसायच्या आधीच गुडघे वाकवून खाली बसायला लागतो. बिचारा थकला असेल. इतका वेळ उभा होता.