बाबांची येझदी आणि कोनसेट

आजचा अख्खा रविवार बाबांच्या येझदीत गेला, पण मजा आली राव! बरेच दिवस हँडल मधोमध आलं की हलका खटका लागायचा, आणि पुढचा ब्रेक दाबला की टक. मेकॅनिक म्हणे टायर बदला (हो, टायर!). शेवटी रामबागेत घरीच उघडली, इंजिनखाली लाकडी ठोकळा, पुढचं चाक अधांतरी आणि खाली जुनी चादर, कारण कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये, सुट्टे छर्रे असतात, कप (छर्र्यांची वाटी) मोकळा झाला की टपाटप पडतात आणि एखादा गटारात गेला की बसा शोधत.

ग्रीस वाळून काळं मेण झालेलं. घासलेटने धुतल्यावर कपमध्ये बारीक बारीक खळगे दिसले, सारख्या अंतरावर. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते ना, मग प्रत्येक खड्ड्याचा मार त्याच जागी बसतो. असे खळगे पडले की नुसतं ग्रीस भरून काही होत नाही, कोनसेटच बदलायचा. नवीन टाकला, लिथियम ग्रीस सढळ हाताने, छर्रे त्यातच चिकटवून बसवले.

खरी कसरत कोनसेटचा नट आवळण्याची. ढिला राहिला तर टकटक, जास्त आवळला तर हळू चालवताना गाडी डुलते. फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) खालून धरून पुढेमागे हलवला तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, नको, आणि हँडल जरा ढकललं की स्वतःच्या वजनाने शेवटपर्यंत गेलं पाहिजे. लॉकनट आवळल्यावर परत तपासा, सेटिंग सरकतं. आणि वॉशिंगवाल्या भियाला सांगून ठेवा, प्रेशरचं पाणी तिथे मारू नको, सगळं ग्रीस धुवून जातं.