४×५ कॅमेऱ्यातील प्रकाशगळती : भात्याचा तपास आणि डागडुजी

कृष्णाकाठच्या मेणवलीच्या घाटावर ४×५ इंचांची सुटी फिल्म वापरणाऱ्या कॅमेऱ्याने अलीकडे काढलेल्या निगेटिव्हांवर एक तिरका काळपट पट्टा वारंवार येत होता. प्रिंटमध्ये तो घाटावरच्या आकाशात पांढुरका दिसतो. असे झाले की बहुतेक जण लगेच टॉर्च घेऊन भाता (लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घडीदार, उजेडबंद भाग) तपासायला बसतात. माझ्या मते आधी निगेटिव्ह नीट वाचावी, कारण निम्मा तपास तिथेच होतो. होल्डरच्या (फिल्म ठेवायच्या चपट्या, उजेडबंद चौकटीच्या) पट्ट्यांखाली झाकलेली फिल्मची अरुंद किनार पूर्ण कोरी होती, म्हणजे फिल्म भरताना, डेव्हलप करताना किंवा होल्डरच्या तळाच्या झडपेतून उजेड शिरलेला नव्हता. माझ्या प्रत्येक होल्डरच्या चौकटीला कानशीने वेगळी खाच पाडलेली आहे आणि ती निगेटिव्हच्या कडेला उमटते. वेगवेगळ्या खाचांच्या निगेटिव्हांवर पट्टा एकाच जागी होता, त्यामुळे एखाद्या होल्डरवर संशय घेण्याचे कारण उरले नाही.

पट्ट्याचा गडदपणा मात्र दर वेळी वेगळा होता. कृष्णेच्या पाण्यावरच्या लहरी थांबण्याची वाट पाहत जितका वेळ डार्क स्लाइड (होल्डरमधल्या फिल्मवरचे सरकते झाकण) बाहेर राहिली, तितका तो गडद झाला. शटर १/८ सेकंद उघडत असले तरी डार्क स्लाइड मिनिटभर बाहेर असेल, तर छिद्रातून येणाऱ्या उजेडाला ४८० पट वेळ मिळतो, हे गणित आपण सहसा विसरतो. शिवाय फिल्मवर प्रतिमा उलटी पडत असल्याने छायाचित्रातले आकाश म्हणजे फिल्मचा खालचा भाग. तिथे पोहोचणारा उजेड भात्याच्या वरच्या बाजूने येत असावा, असा अंदाज बांधला.

रात्री खोलीत पूर्ण अंधार करून, डोळे सरावल्यावर टॉर्च भात्यात घातला. भाता आखूड असताना काहीच दिसले नाही. तो पूर्ण ताणून लेन्सची चौकट वर सरकवली, तेव्हा वरच्या कोपऱ्यातल्या एका घडीच्या टोकाला टाचणीच्या टोकाएवढा ठिपका चमकला. घड्यांचे कोपरे सर्वांत जास्त झिजतात आणि तिथली भेग ताण आल्याशिवाय उघडत नाही; म्हणून भाता ज्या स्थितीत वापरतो त्याच स्थितीत तपासला पाहिजे.

खात्रीसाठी महागडी फिल्म खर्च न करता हिरव्या उजेडाला संवेदनशील असलेली एक्स-रे फिल्म वापरली. ती लाल सेफलाइटखाली (फिल्मवर परिणाम न करणाऱ्या मंद दिव्याखाली) कापता आणि डेव्हलप करता येते. दोन्ही बाजूंना इमल्शन (प्रकाशसंवेदी थर) असल्याने ओरखडे पटकन पडतात, पण या कामाला ते चालतात. लेन्सला टोपी घालून, डार्क स्लाइड अर्धीच ओढून कॅमेरा साताऱ्यातल्या गच्चीवर भर दुपारच्या उन्हात ठेवला आणि चारही बाजूंनी फिरवला. झाकलेला अर्धा भाग कोरा राहिला व उघड्या भागावर तोच पट्टा आला.

डागडुजीसाठी पातळ काळ्या सुती कापडाचा तुकडा सायकलच्या दुकानात मिळणाऱ्या पंक्चर सोल्युशनने भात्याला आतून चिकटवला. कडक होणारा गोंद घडीवर तडकतो, रबराचे सोल्युशन लवचीक राहते. मात्र ते पूर्ण सुकण्याआधी भाता मिटू नये, नाहीतर शेजारच्या घड्या एकमेकींना चिकटतात. नंतर गच्चीवरची चाचणी पुन्हा केली, तेव्हा दोन्ही अर्धे भाग सारखेच कोरे निघाले.

त्या चाचणीत एका जुन्या होल्डरमध्ये मात्र डार्क स्लाइडच्या फटीच्या बाजूने पंख्यासारखी पसरलेली फिकट झाक आढळली. ती भात्याची नव्हे. फटीतली उजेड अडवणारी मखमल दबून गेली आहे. स्लाइड तिरकी ओढली तर झाक वाढते, सरळ ओढून फटीवर काळे कापड धरले तर जवळजवळ नाहीशी होते. नवी मखमल बसवेपर्यंत तो होल्डर कास पठारावर नेणार नाही, कारण तिथल्या वाऱ्यात फटीवरचे कापड जागेवर राहत नाही.