आकडा मोठा, पण जोड कुणाशी होती?

खासबागेत जुन्या पैलवानाचं नाव निघालं की नुसत्या मारलेल्या कुस्त्या मोजून कोल्हापूरकराचं समाधान होत नाही. जोड कुणाशी होती, किती मिनिटं चालली, निकाली झाली का, हे तो विचारतो. आइस हॉकीतले जुने खेळाडू तोलायलाही हीच नजर लागते.

आधी त्या हंगामातला गोलचा भाव काढायचा. वेन ग्रेट्स्कीनं १९८१-८२ मध्ये ८० सामन्यांत ९२ गोल मारले. तेव्हा एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या, एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी ८ गोल व्हायचे. अलेक्झांडर ओवेच्किननं २००७-०८ मध्ये ८२ सामन्यांत ६५ मारले, तेव्हाची सरासरी साडेपाचच्या आसपास. दोघांना सामन्याला ६ गोल या एकाच मापावर आणा. ९२ ला ६ नं गुणून ८ नं भागलं की ६९. ६५ ला ६ नं गुणून साडेपाचनं भागलं की ७१, आणि दोन सामने जास्त मिळाले ते वजा केले की तोही ६९ वरच येतो. सत्तावीस गोलांचं अंतर पुसलं गेलं.

बरेच जण इथंच थांबतात आणि तिथंच फसतात. सरासरी फक्त काळ सांगते, बरोबरीचे गडी किती मागं पडले ते सांगत नाही. म्हणून त्याच हंगामातला दुसरा नंबर बघायचा. ओवेच्किनच्या मागं इल्या कोवालचुक ५२ वर होता. ग्रेट्स्कीच्या मागं माइक बॉसी ६४ वर, म्हणजे २८ गोल मागं! वर ग्रेट्स्कीचे १२० असिस्ट, म्हणजे सोबत्याच्या गोलला दिलेले पास. गोल आणि असिस्ट मिळून त्याचे २१२ पॉइंट, बॉसीचे १४७. माझ्या मते ग्रेट्स्कीचाच हंगाम जड.

मॉरिस रिशारचे १९४४-४५ मधले ५० सामन्यांतले ५० गोल मात्र जपून घ्यावेत. महायुद्धामुळं कितीतरी चांगले खेळाडू सैन्यात होते, म्हणजे तगडी जोडच मैदानात नव्हती. पण ते परतल्यावरही, १९४६-४७ मध्ये, त्यानं ६० सामन्यांत ४५ मारले आणि गोलांत पहिला आला. शंका तिथं फिटते.

बॉबी ऑरला या गणितात बसवूच नका. बचावपटू असून त्यानं पॉइंटांत अख्ख्या लीगला दोनदा मागं टाकलं, १९६९-७० आणि १९७४-७५ मध्ये. दुसऱ्या कुठल्याच बचावपटूला ते एकदाही जमलेलं नाही.

गोलकीपरचं माप वेगळं. १९६७ पर्यंत संघ सहाच. ७० सामन्यांच्या हंगामात प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी १४ वेळा गाठ पडायची, त्यामुळं कीपर कुठल्या बाजूला कच्चा आहे हे मारणाऱ्याला पाठ असायचं. अशा काळात ग्लेन हॉल सलग ५०२ सामने गोलमध्ये उभा राहिला. जाक प्लांटनं १९५९ मध्ये नाकावर पक, म्हणजे खेळातली कडक रबरी चकती, बसल्यावर मास्क चढवला. हॉलनं ते सगळे सामने उघड्या तोंडानं काढले.